खान्देशातल्या पोर्तुगीज बायका

मला पाहायला येणाऱ्या मंडळींना आई सांगते, "ती घरूनच काम करते. ऑनलाइन. फॉरेनचं." मंडळी समाधानाने मान हलवतात. फॉरेनचं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर आई चहा आणायला उठते.

काम असं, की परदेशातल्या गोऱ्या लोकांना मी त्यांचे पूर्वज शोधून देते. पप्पा बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि मूळचे भडगावकडचे. ते म्हणतात, "आपल्या गावी भाट यायचा. पोथी सोडायचा, सात पिढ्या वाचायचा आणि शिधा घेऊन जायचा. तू गोऱ्यांची भाट." यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी अजून विचारलेलं नाही. मी फारसं काही विचारत नाही. अनोळखी माणसाशी बोलणं मला जमत नाही, म्हणून तर मी मेलेल्या माणसांचा धंदा निवडला.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ज्यांचं भागत नव्हतं, त्यांनी बोट धरली. कुणी ऑस्ट्रेलियाला गेलं, कुणी कॅनडाला, कुणी न्यूझीलंडला. तिथे त्यांना जमिनी मिळाल्या. त्यांचे वंशज आता निवृत्त आहेत, त्यांच्याकडे वेळ आहे आणि प्रत्येक जण आपल्या घराण्याचं पुस्तक लिहितो आहे. अशी बरीच पुस्तकं मी वाचली. सगळ्यांत ती जमीन 'रिकामी' असते. रिकाम्या जमिनीवर उतरल्या उतरल्या पणजोबा आधी बंदुका का साफ करतात, हे मात्र कुणी लिहीत नाही.

यातले काही जण वाटेत दहा-पंधरा वर्षं आपल्याकडे थांबले. कुणी भुसावळला रेल्वेत होतं, कुणी धुळ्याला पलटणीत, कुणी सातपुड्यात लाकडाच्या ठेक्यावर. मग ते पुढे गेले. त्यामुळे अनेक घराण्यांच्या वंशवृक्षात नेमकं खान्देशाएवढं भोक पडलेलं असतं. ते बुजवायचं काम माझं. त्यासाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची आणि दफनाची रजिस्टरं पाहायची, जुने नकाशे पाहायचे. देवपूरला मावशीकडे मुक्काम टाकून धुळ्यातल्या कबरी धुवायच्या. कबरीवरची अक्षरं वाचायची तर सकाळी लवकर जावं लागतं. ऊन तिरपं असलं की झिजलेलं अक्षर वर येतं, माथ्यावर आलं की दगड मुका होतो. मावशी शेजारणींना सांगते, "सकाळी फिरायला जाते ती."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कॅनडातल्या एका गृहस्थांना घराण्याचं मानचिन्ह हवं होतं, सिंह वगैरे असलेलं. त्यांचे पणजोबा भुसावळला इंजिनात कोळसा टाकायचे. मी फावडं सुचवलं. ते पुन्हा आले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंना पणजीच्या बंगल्यासमोरच्या बागेचा फोटो हवा होता. बंगल्याच्या जागी आता एक सरकारी कार्यालय आहे आणि बागेच्या जागी त्याचं स्वच्छतागृह. मी भिंत टाळून एका निंबाचा फोटो पाठवला. बाईंनी लिहिलं, किती शांतता आहे इथे.

आणि मग पोर्तुगीज बायका. वंशवृक्षात एखादा साहेब एकटाच हिंदुस्थानात येतो, काही वर्षांनी सावळं मूल घेऊन पुढच्या देशी जातो आणि मुलाच्या आईच्या जागी लिहिलेलं असतं: मारिया, पोर्तुगीज, तापाने मृत. ही मारिया मला यावलमध्ये भेटली, शिरपूरला भेटली, भुसावळात तर तीन वेळा भेटली. खान्देशात इतक्या पोर्तुगीज बायका होत्या, तर गोव्यात कोण उरलं होतं, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो. गिऱ्हाइकाला मी तो कधी विचारलेला नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आईचा रकाना बहुतेक वेळा कोराच असतो, एवढंच मी कळवते. पुढचं ज्याचं त्याने समजावं. कुणी समजत नाही.

न्यूझीलंडच्या डॉरथीबाई अशाच एका मारियाची कबर शोधत माझ्याकडे आल्या. (गिऱ्हाइकांची नावं बदलली आहेत.) निवृत्त मुख्याध्यापिका, इमेलमध्येसुद्धा परिच्छेद पाडणाऱ्या. त्यांचे पणजोबा हेन्री टॅपर इंग्लंडातल्या एका सुताराचे चिरंजीव. सातपुड्याच्या पायथ्याशी राहून ते रेल्वेला रुळांखालच्या सागाच्या पट्ट्या पुरवत. पुढे चार वर्षांच्या मेरी नावाच्या मुलीला घेऊन ते न्यूझीलंडला गेले आणि तिथे त्यांना बरीच रिकामी जमीन मिळाली. मेरी म्हणजे डॉरथीबाईंची आजी. मेरीची आई मारिया खान्देशात तापाने गेली. तिची कबर सापडली तर बाईंना तिथे संगमरवर बसवायचा होता.

कबर नव्हतीच. जवळपासच्या कुठल्याच दफन-रजिस्टरात मारिया टॅपर नव्हती. शेवटचा उपाय म्हणून मी चोपड्याच्या वर, डोंगराला लागून असलेल्या एका गावी गेले, कारण तिथल्या एका पडीक तुकड्याला लोक अजून 'टापरचा माळ' म्हणतात. पावसावरची शेती, मोहाची फुलं, डिंक आणि उरलेले महिने गुजरातेत मजुरी, असं गाव. सगळ्यांनी मला एका घरी पाठवलं. तिथे ऐंशी पार केलेल्या अक्का होत्या. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेल्या, आता पुतण्याच्या घरात राहणाऱ्या. पुतण्या गुलाबभाऊ ट्रॅक्टर चालवतात. त्यांनी मला खाट दिली आणि थेट विचारलं, "ताई, साहेब काही इस्टेट ठेवून गेला का आमच्या नावावर?"

"नाही."

"मग बसा निवांत. घाई नाही."

अक्का अहिराणीत बोलत होत्या. आता एक कबुली द्यायला हवी. माझे आईवडील एकमेकांशी अहिराणीत भांडतात. माझ्याशी मात्र ते कायम पुस्तकी मराठीत बोलले, मुलीच्या तोंडात गावठी हेल बसू नये म्हणून. इंग्रजी शाळेत तर मराठीलाही दंड होता. त्यामुळे मला चार इंग्लिश परगण्यांचे उच्चार वेगळे ओळखता येतात आणि स्वतःच्या आजोळची भाषा अंदाजाने समजते. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि समजल्यासारखी मान हलवत राहिले. अक्का म्हणाल्या, "टापर साहेब आमना घरनी आंडेर लई ग्या. बोटवर बसाडीसन." मी वहीत लिहिलं: साहेबाने या घरचा मुलगा सोबत नेला. बहुधा नोकर म्हणून.

डॉरथीबाईंना तसं कळवलं. कबर नाही म्हणून त्या खट्टू झाल्या, पण त्या मुलाने त्यांना भारून टाकलं. पंधरा दिवसांत त्यांनी नवं प्रकरण पाठवलं. त्यात मोठ्या डोळ्यांचा एक विश्वासू पोऱ्या होता, तो साहेबाचा कंदील धरायचा आणि बोटीवर मेरीला गोष्टी सांगायचा. एका ओळीवरून बाईंनी साडेतीन पानं केली होती. पुस्तक छपाईला चाललं होतं. आभारात माझं नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर.

चार दिवसांनी मी ते रेकॉर्डिंग उतरवून काढत होते. पप्पा शेजारी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी पेन्सिल थांबवली.

"परत लाव."

मी लावलं.

"तू काय लिहिलंस?"

"घरचा मुलगा नेला."

"अगं, 'घरनी' म्हणतेय ती. 'घरना' नाही म्हणत. आंडोर म्हणजे मुलगा. आंडेर म्हणजे मुलगी."

फरक एका कान्याचा. तो काना माझ्या कानाने पदरचा घातला होता आणि त्यातून न्यूझीलंडमध्ये एक अख्खा नोकर जन्माला आला होता. पप्पा पुन्हा कोड्याकडे वळले. थोड्या वेळाने म्हणाले, "शाळेची फी मात्र आम्ही वेळेवर भरली बरं का."

पुढच्या खेपेला मी त्यांना घेऊन गेले. अक्कांशी बोलताना पप्पांचा आवाजच बदलला. मला तो माणूस कधी भेटलेला नव्हता. मी खाटेवर बसून ऐकत राहिले.

टॅपरसाहेबाच्या घरी अक्कांची आजी पाणी भरायला होती. तिकडे आजीला मोठमाय म्हणतात. मोठमायला साहेबापासून मुलगी झाली. पुढे साहेब मुलीला घेऊन निघून गेल्यावर मोठमायचं गावातच लग्न झालं, त्यातून अक्कांचे वडील झाले. म्हणजे साहेबाची मुलगी अक्कांची आत्या. अहिराणीत फुई.

"चार वरीसनी व्हती मन्ही फुई," अक्का म्हणाल्या. "मुंबई दखाडीसन लई येस, आसं सांगं साहेबनी. आजून दखाडीच ऱ्हायना." म्हणजे साहेब तिला अजून मुंबईच दाखवतो आहे.

"नाव काय होतं फुईचं?" पप्पांनी विचारलं.

"मैना."

माझ्या मांडीवर लॅपटॉप होता. त्यातल्या वंशवृक्षात मेरीच्या नावापुढे डॉरथीबाईंनी कंस टाकला होता: 'घरात सगळे तिला माइना म्हणत. बहुधा विल्हेल्मिनावरून.' मी लॅपटॉप मिटला.

मग अक्कांनी त्यांचं गाऱ्हाणं सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांची घागर भरतात, नाव घेऊन पाणी देतात. मोठमाय दर आखाजीला दारात बसायची. गावातल्या सगळ्यांच्या लेकी यायच्या, हिची यायची नाही. लोक म्हणायचे, आता घागर भर तिची. मोठमाय म्हणायची, मेल्याची खबर आली का? खबर आल्याशिवाय जित्या माणसाला पाणी कसं द्यायचं? मोठमाय गेली. तिच्या मुलानेही, म्हणजे अक्कांच्या वडिलांनी, आईचा शब्द म्हणून घागर भरली नाही.

"माले कयस वं माय," अक्का माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "इतला वरीस कोनी जगस का? पन खबर ती खबर. मी मरी जासू तं तिले पानी देनारं कोन शे? ती कव्हय मरनी, एवढं सांग."

तारीख माझ्या मांडीवर होती, मिटलेल्या लॅपटॉपमध्ये. मी म्हणाले, "बघते."

परतीच्या वाटेवर पप्पांनी गाडी चालवता चालवता विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"गिऱ्हाइकाची माहिती परवानगीशिवाय बाहेर द्यायची नसते. नियम आहे."

"आणि ती म्हातारी बाहेरची?"



डॉरथीबाईंना पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. माझी चूक कबूल केली, कान्यासकट समजावली. नोकर मुलगा नव्हता. ती मेरीच होती. मारिया पोर्तुगीज नव्हती आणि ती तापाने मेलीही नव्हती. मुलीची वाट बघत ती म्हातारी झाली. माइना म्हणजे मैना. इथे तुमच्या नात्यातल्या एक वृद्ध बाई आहेत, त्यांना तुमच्या आजीच्या मृत्यूचा दिवस हवा आहे. पाठवू का?

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, परिच्छेद पाडून. रस घेतल्याबद्दल आभार. स्थानिक दंतकथा रंजक असतात. पुस्तक छापखान्यात गेलं आहे आणि कुटुंबातल्या ज्येष्ठांना मारियाबद्दल जिव्हाळा आहे. शेवटी: कौटुंबिक तपशील कृपया त्रयस्थांना देऊ नयेत.

त्रयस्थ म्हणजे अक्का. मेरीच्या भावाची मुलगी.

आखाजीला नऊ दिवस होते. मी आयुष्यात नियम मोडलेला नाही. शाळेत मराठी बोलल्याचा दंडसुद्धा मला कधी झाला नाही, कारण मी बोलायचेच नाही. तेव्हा मी नियम पुन्हा नीट वाचला. गिऱ्हाइकाने दिलेली माहिती बाहेर द्यायची नाही. ठीक. पण जशी मी इथे कबरी धुते, तशी तिकडेही रिकामटेकडी माणसं असतात. दफनभूमीतल्या प्रत्येक दगडाचा फोटो काढून ते सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकतात. मेरीचा दगड शोधायला मला अर्धा तास लागला. जे दगडावर कोरून रस्त्याकडे तोंड करून उभं केलंय, ते गुपित कसं? ही पळवाट होती हे मला माहीत आहे. मी फोटो मोठा करून छापून घेतला आणि एस.टी.ने एकटी गेले.

अक्कांनी तो कागद दोन्ही हातांत धरला. उलटा होता, मी सरळ केला. दगडावरचं वाचून दाखवलं. अमक्याची प्रिय पत्नी, सहा मुलांची आई, गेल्याचा दिवस, वय एकोणऐंशी.

"म्हनजे जगनी," अक्का म्हणाल्या. "चांगली जगनी ना?"

"हो. मोठी शेती होती. मेंढ्या होत्या."

"जमीन कोनी व्हती?"

"तिच्या वडिलांची."

"त्यानी कोठून आनी? तो तं आठे उधारना तंबूमा ऱ्हाये."

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "तिथे आधीपासून लोक राहत होते. त्यांच्याकडून घेतली. म्हणजे, त्यांना हुसकावलं."

सागाच्या जंगलात अक्कांचं घर कधी कुठे होतं आणि आता पायथ्याला का आहे, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"आमनी पोर चोरी लई ग्या," त्या म्हणाल्या, "आनि चोरीनी जमीनवर तिले मोठी करी."

गुलाबभाऊ दारात ट्रॅक्टरची किल्ली फिरवत उभे होते. "अक्का, आते फुईवर केस कर."

"चूप बस. पानी काय गुन्हा इचारीसन देतस का?"

आखाजीला मला त्यांनी बोलावून घेतलं. गावभर झोके बांधलेले, लेकी आलेल्या, गाण्यांचा आवाज. ओट्यावर लाल मातीची घागर, वर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या. त्या घागरीशेजारी दुसरी नवी घागर होती, फुईची. अक्कांनी मला जवळ बसवलं. मी म्हणाले, मी घरातली नाही. त्या म्हणाल्या, "तू तेस्नं काम करस ना? मंग तेस्ना कडथीन तू बस." अशा रीतीने मी डॉरथीबाईंच्या वतीने, त्यांच्या परवानगीशिवाय, घागरीला हात लावला. अक्कांनी नाव घेतलं, पाणी सोडलं आणि पदराने तोंड पुसलं. मग मला जेवायला वाढलं. मी दोन सांजोऱ्या जास्त खाल्ल्या, कारण नको म्हणायला बोलावं लागतं.

घरी आल्यावर डॉरथीबाईंना एक ओळ लिहिली. ती का लिहिली ते अजून सांगता येत नाही. 'परवा आखाजी झाली. तुमच्या आजीला तिच्या माहेरी पाणी दिलं.' नियमभंगाची कबुली म्हणून पळवाटही खाली लिहिली.

काम जाणार याची मी तयारी ठेवली. आठवडाभर काही आलं नाही. मग आलं. त्यात परिच्छेद नव्हता, आभार नव्हते. दोनच शब्द: 'कसलं पाणी?'

मी उत्तर लिहायला बसले. आखाजी, घागर, दारात बसलेली बाई. लिहिता लिहिता पहिल्याच वाक्यात अडले. दारात बसलेली बाई कोण? माझ्या नोंदींत ती सगळीकडे 'अक्कांची आजी' होती. चार वेळा त्या घरी जाऊन, जेवून, मी तिचं नाव विचारलं नव्हतं. कोऱ्या रकान्यांना नाकं मुरडणारी मी.

गुलाबभाऊंना फोन लावला. मी आपणहून फोन लावणं ही आमच्या घरात बातमी असते. पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला. गुलाबभाऊंनी अक्कांच्या कानाला फोन लावला.

"अक्का, मोठमायचं नाव काय होतं?"

"सुपडाबाई," त्या म्हणाल्या. वर म्हणाल्या, "इतला दिन कोनी इचारं नही, म्हनीसन सांगं नही."

खान्देशात हे नाव उगीच ठेवत नाहीत. आधीची मुलं जगली नाहीत की नव्या बाळाला जन्मल्याबरोबर सुपात घालतात, म्हणजे मरण त्याला पाखडलेलं भूस समजून सोडून देतं. त्या बाळाचं नाव सुपडू, मुलगी असली तर सुपडाबाई. ती जगावी म्हणून कुणीतरी एवढा खटाटोप केला होता. डॉरथीबाईंच्या पुस्तकात तिला पंचविसाव्या वर्षी तापाने मारलेलं आहे, पोर्तुगीज करून.

मी आधीचं सगळं खोडलं आणि इमेल नव्याने सुरू केलं. पहिलं वाक्य एवढंच लिहिलं: तिचं नाव सुपडाबाई, आणि ती मेली नव्हती.